मोटारीचं शिंग

उमापूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीचं इंजिन उघडून त्यात मोठे पिस्टन बसवणारा पहिला माणूस मी. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. ऐकणाऱ्याला बढाई वाटली तर वाटू दे. निजामाचा अंमल होता, रस्ते म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, पेट्रोलचे डबे जालन्याहून यायचे, आणि उमापूर–गेवराई–बीड अशी जी एकच सर्विस मोटार चालायची, तिचं इंजिन मी माझ्या हातानं बदललं होतं. पुढं पुष्कळ मोटारी आल्या, पुष्कळ मिस्त्री आले. पण पहिला तो पहिलाच.

घराणं मेंढपाळाचं. बापानं मेंढरं राखली, आज्यानं राखली, मीही मिसरूड फुटेपर्यंत राखली. पण मी तापट. मेंढरू एकदा आडवं गेलं की माझं डोकं फिरायचं, आणि मेंढरावर रागवून काही होत नाही, ते तसंच उभं राहून रवंथ करतं. जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगात मजुरीला गेलतो, तिथं पहिल्यांदा इंजिन बघितलं आणि तिथंच अडकलो. इंजिनावर रागावलं, ठोकलं, पिळलं, तर त्याला कळतं, निदान मला तरी तसं वाटायचं. तिथून औरंगाबादेत एका मोटारीच्या कारखान्यात काही वर्षं काढली. परत आलो तो ड्रायव्हर आणि मिस्त्री होऊनच.

मोटार होती उमापूरच्या एका जमीनदाराची. त्यांना सगळा गाव मालक म्हणायचा, मीही मालकच म्हणायचो. त्यांनी हैद्राबादेतून कुण्या नवाबाची जुनी चार माणसांची मोटार आणली, मागचा भाग कापला, सुताराकडून लाकडी बाकं करून घेतली आणि माणसं कोंबायला सुरुवात केली. आता नवाबाला आणि त्याच्या बेगमेला हवा खायला नेणारं इंजिन, ते ज्वारीच्या पोत्यांसकट गावाची जत्रा कसं ओढणार? चढ आला की माणसं उतरायची आणि ढकलायची. मालकांना लाज वाटायची, मला राग यायचा. शेवटी मी म्हणालो, इंजिनाची छाती वाढवतो. इंजिन उतरवून बैलगाडीत घातलं, औरंगाबादेला नेलं, सिलिंडर आतून मोठे करून घेतले, मोठे पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. त्यानंतर तो चढ ती मोटार भरल्या पोटी चढली, आणि वर पोचल्यावर माणसं एकमेकांकडं बघू लागली, आपण उतरलो कसे नाही म्हणून.

पण इंजिनाची ताकद वाढली तशी एक खोड लागली. पिस्टन वरखाली होतो तेव्हा वरचा जळका धूर थोडाफार बाजूनं खाली, तेलाच्या चेंबरात उतरतोच. मोठ्या पिस्टननं तो जास्त उतरायला लागला. त्याला बाहेर जायला इंजिनाच्या कुशीत एक आखूड हवानळी असते. धूर तिच्यातून जोरात निघायचा आणि जाताना तेलही घेऊन जायचा. तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडायचं, आणि आतली माणसं खोकत बसायची. एका म्हातारीनं तर मला विचारलं, गाडीला धूप घातलाय का.

त्यावर मी जे केलं ते आजही डोळ्यांपुढं आहे. रॉकेलचा डबा कापून एक लहानशी डबी केली, तिच्यात पत्र्याचे आडवे पडदे लावले. धूर नागमोडी जायचा, तेल मात्र पडद्यांवर आपटून खाली ठिबकायचं आणि परत चेंबरात जायचं. डबीच्या डोक्यावर हातभर लांब नळी चढवली, ती बॉनेटच्या फटीतून वर काढली आणि टोकाला धूळ जाऊ नये म्हणून बारीक जाळीचं टोपण बसवलं. तेल थांबलं, धूर थांबला. नळी बॉनेटमधून अशी तिरकी वर आलेली, की पोरंटोरं तिला मोटारीचं शिंग म्हणायला लागली. मग मोठी माणसंही म्हणायला लागली. मला काही वाईट वाटलं नाही.

या सगळ्यात आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, एक अट माझ्या मानेवर बसलेली होती. मेंढरांची वाटणी अडली होती. माझ्या वाट्याची मेंढरं ते अजून स्वतःच्या कळपात राखून होते, कारण हे लोखंडाचं खूळ टिकतं का जातं, हे त्यांना कळत नव्हतं. आणि वाटणी झाल्याशिवाय धाकट्या भावाचं लग्न पुढं सरकत नव्हतं. मुलीकडचे विचारायचे, पोराची मेंढरं किती, आणि आबांना सांगता यायचं नाही. शेवटी त्यांनी मला माळावर बोलावून सांगितलं, “नारायणगडाच्या जत्रेपोत बघतो. तुझी गाडी जत्रेची माणसं नीट वाहती झाली, तर तुझी वाट येगळी. न्हाई तर काठी घ्यायची आन् मेंढरामागं यायचं. धाकट्यानं किती दिस थांबायचं?”

त्यांचं म्हणणं वाजवी होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पण बापाच्या शब्दापुढं जायची रीत नव्हती. मी हो म्हणालो.

पोळ्याला आबा उमापूरला आले. ते गावात फारसे यायचे नाहीत. मालकांच्या वाड्यापुढं बैल धुऊन उभे केले होते. गडीमाणसं शिंगं घासत होती, हिंगुळाचा लाल रंग लावत होती, वर बेगड चिकटवत होती. मी बैलांच्या ओळीत मोटार उभी केली होती. तीही ओझंच ओढते, तिला पोळा का नको? मालक हसले, पण हो म्हणाले.

आबा ओळीतून चालत आले आणि मोटारीपुढं थांबले. मग एका गड्याकडून जवसाच्या तेलात कालवलेला हिंगूळ मागून घेतला आणि त्या नळीला बुडापासून टोपणापर्यंत लावला. तो ओला असतानाच त्यावर डिंक फासला आणि बेगडाचे चमकते तुकडे एकावर एक चिकटवले, टोकाला सगळ्यात जास्त, कारण बैलाच्याही शिंगाला टोकालाच शोभा असते. मोटारीच्या चाकाला हळद-कुंकू वाहिलं आणि निघून गेले. मी ज्या मोटारीपायी मेंढरं सोडली, तिला माझ्या बापानं आपल्या हातानं सजवलं होतं. मी दिवसभर गावातून विनाकारण दोन-तीनदा मोटार फिरवली.

पोळा झाला आणि इंजिन रडायला लागलं. आधी खाली चेंबरच्या जोडातून तेल. मी बोल्ट आवळले. मग मागच्या बाजूनं, जिथं इंजिनाचा दांडा बाहेर येऊन क्लचला मिळतो, तिथून. ते तेल क्लचवर गेलं आणि क्लच घसरायला लागला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही, असा तमाशा गेवराईच्या बाजारात झाला. कुण्या व्यापाऱ्याच्या पांढऱ्या धोतरावर तेल उडालं. तो माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर ओरडलो, आणि मालकांना मधे पडून त्याची समजूत काढावी लागली.

सगळ्यांचं बोट मोठ्या पिस्टनांकडं. मालक म्हणाले, “मी तवाच म्हणलं होतं, नवाबाचं इंजिन हाय, त्याला बैलाचं काळीज बसवू नको. जत्रेत गाडी अडली तर मी तिला जालन्याला इकून टाकीन. सांगून ठेवतो.” म्हणजे एकाच जत्रेवर मालकांची गाडी, भावाचं लग्न आणि माझी काठी, तिन्ही टांगलेली.

मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. चेंबर खाली काढलं, नवं बुचाचं पॅकिंग कापून बसवलं. मागच्या दांड्यावरचा तेल अडवणारा लोकरीचा नमदा झिजलेला वाटला म्हणून आमच्याच मेंढरांच्या लोकरीच्या जुन्या घोंगडीतून चकती कापली, तेलात भिजवली आणि घट्ट बसवली. घोंगडीचा नमदा असा बसला की मीच खूष झालो. आणि तेलानं काय करावं? मागची वाट बंद झाली म्हटल्यावर ते पुढच्या झाकणातून निघालं. तिथं बंद केलं, तर बाजूच्या झाकणातून. एक भोक बुजवलं की दुसरं. पाने-पकडी फेकल्या, दगडाला लाथ मारली, पाय सुजवून घेतला. इंजिन चांगलं आहे, पिस्टन चांगले आहेत, हे मला माझ्या हातांवरून ठाऊक होतं, आणि ते कुणाला पटवता येत नव्हतं.

कळलं ते रागातच कळलं. उमापूरला वाड्यापुढं इंजिन चालू ठेवून मी खाली-वर बघत होतो. चेंबरात तेल किती आहे हे बघायची पट्टी इंजिन बंद करून काढायची असते. पण त्या दिवशी मला दम नव्हता. चालू इंजिनातूनच पट्टी उपसली, तर भोकातून फस्सकन हवा आली आणि तेलाची चूळ थेट माझ्या तोंडावर. डोळे पुसत मी तिथंच उभा राहिलो. चेंबरात इतकी हवा कोंडली कशी? ती हवा तर शिंगातून जायला पाहिजे. मी हात वर नेऊन टोपणावर तळवा धरला. चालू इंजिनाच्या नळीतून गरम फुंकर यायला पाहिजे होती. काही नाही. जाळी दिसतच नव्हती. हिंगूळ आणि जवसाचं तेल वाळून दगड झालं होतं, त्यावर डिंक, त्यावर बेगडाचे थर. सगळं उन्हात झगझगत होतं. इतके दिवस मी ते रोज बघत होतो आणि बघून सुखावत होतो.

खिळा हातात घेतला आणि तसाच थांबलो. पोळ्याचा रंग आमच्याकडं कुणी खरवडत नाही, तो उन्हापावसानं आपला आपण उतरतो. त्यातून हा आबांच्या हातचा. तेवढ्यात मालक आले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनाही तळवा धरायला लावला. त्यांना पटलं. आणि पटल्याबरोबर ते जे बोलले त्यानं माझ्या अंगाची आग झाली.

“बाप लई हुशार निघाला की बे तुझा. पोरगं मेंढराकडं परत पायजे, म्हणून गाडीचं नाक चोंदवून गेला.”

“मालक, माझ्या बापाबद्दल असं बोलायचं न्हाई.”

“मग कावून लावलं त्यानं इतकं? बैलाला कुणी इतकं लावतं?”

मी म्हणालो, “बसा गाडीत. त्यांनाच इचारू. तोवर मी या रंगाला हात लावत न्हाई.” मालकही हट्टी. बसले.

आबांचा कळप तेव्हा शिरूर कासारकडच्या माळावर होता. आम्ही निघालो, आणि ती मोटार वाटभर गळत, घसरत, धूर ओकत गेली. मधे थांबून दोनदा तेल ओतावं लागलं. चाक धरून मी एकच विचार करत होतो. आबांनी खरंच जाणूनबुजून केलं असलं तर? तसं असलं तर मी गाडीही सोडणार होतो आणि मेंढरंही, आणि कुठंतरी लांब निघून जाणार होतो. मी ते मनाशी ठरवूनच माळावर पोचलो.

आबा एका मेंढीची लोकर कातरत होते. धाकटा तिचे पाय धरून बसला होता. मी गाडी चालूच ठेवली, उतरलो आणि रामराम न करताच विचारलं, “आबा, पोळ्याला तुमी ह्या नळीला एवढा रंग कावून लावला?”

त्यांनी मेंढी सोडली. माझ्याकडं बघितलं, मालकांकडं बघितलं. “बैलाला दोन शिंगं असतेत,” ते म्हणाले. “तुझ्या गाडीला एकच हाय. म्हणून दोन्हीचा रंग त्या एकालाच लावला. कावून, काय झालं?”

मालकांनीच सांगितलं, धूर कोंडला, तेल फुटून निघतंय, आणि मग, ते तसे स्पष्ट बोलणारे, आपल्या मनातली शंकाही सांगून टाकली. आबांनी ती ऐकून घेतली. तिला काही उत्तर दिलं नाही. ते मोटारीजवळ आले, गळणाऱ्या चेंबराखाली वाकून बघितलं, इंजिनाच्या कुशीवर हात ठेवला. ते ज्या हातानं मेंढीची कूस चाचपतात तोच हात, तसाच ठेवला.

“पोट फुगलं हिचं,” ते म्हणाले. “मेंढरू ओला चारा खाऊन फुगतं, तसं. वारा निघाला न्हाई तर मेंढरू मरतं.”

मी खिळा पुढं केला, पण तो त्यांनी घेतला नाही. आपली लोकर कातरायची कातर आणली आणि तिच्या टोकानं स्वतःच बेगड सोलायला लागले. हिंगूळ निघता निघत नव्हता. कातरीचं पातं बोथट होईल म्हणून धाकटा म्हणाला, तर त्याला म्हणाले, होऊ दे. जाळीचं पहिलं भोक मोकळं झालं तसा आतून गरम धूर सुटला आणि त्यांच्या बोटांवर आला. त्यांनी बोटं मागं घेतली नाहीत. सगळी जाळी मोकळी झाली तेव्हा इंजिनाचा आवाजच बदलला. खाली चेंबराच्या जोडावर जो थेंब सारखा फुगून पडत होता, तो पडायचा थांबला. मालक गुडघ्यावर बसून बघत राहिले.

मी तिथंच माळावर नळी काढली, शेकोटीत लाल केली आणि तिचं टोक वाकवून खाली वळवलं, म्हशीच्या शिंगासारखं. आता तोंड खालच्या बाजूला. वरून कुणी कितीही रंगवा, बेगड लावा, धूर खालून जाणार. धूळ पडणार नाही, पाऊस जाणार नाही. औरंगाबादेतल्या कुठल्या मिस्त्रीनं मला हे शिकवलं नव्हतं. परत येऊन क्लच रॉकेलनं धुतला, जोड पुसून कोरडे केले, आणि बीडपर्यंत एक खेप मारली. गाडीखाली डाग पडला नाही. पुढं त्या भागात आलेल्या कितीतरी मोटारींना मी तसलंच वाकडं शिंग बसवून दिलं, आणि लोक दुरून ओळखायचे की हिला कुणाचा हात लागलाय.

जत्रेच्या दिवशी नारायणगडाकडं जायला माणसं सकाळपासून वाड्यापुढं बसलेली. आबा आणि धाकटाही आले. आबा जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले, माझ्या शेजारी, दोन्ही हातांनी बाक धरून. मालक पायरीवर उभे राहिले, कारण आत जागाच नव्हती. बायका, पोरं, नारळांची टोपली, टाळ-मृदंगवाले, एक आजारी म्हातारा, सगळे आत. गडाच्या चढाला लागलो तेव्हा मी तोंडातल्या तोंडात इंजिनाला शिव्या देत होतो, ही माझी प्रार्थनेची पद्धत. बैलगाड्या बाजूला होत होत्या. इंजिन जड झालं, पण दमलं नाही. क्लच घसरला नाही. कुणी खोकलं नाही, कुणी उतरलं नाही, कुणाला ढकलायला लागलं नाही. वर देवळापाशी गाडी उभी केली आणि मगच शिव्या थांबवल्या.

माणसं उतरून दर्शनाला गेली. आबा उतरले आणि गाडीभोवती फिरले. मग वाकून गाडीखालच्या मातीवर हात फिरवला, तळवा उलटा करून बघितला. हात कोरडा होता. ते मालकांपुढं जाऊन उभे राहिले.

“मालक, तुमी माळावर मला एक बोललात. तवा मी काई बोललो न्हाई,” ते म्हणाले. “आता बोलतो. याच्या वाट्याची मेंढरं मी आजपासून धाकट्याला दिली. पोरीकडच्यांना तसं सांगून टाकतो. ह्यो आता माळावर यायचा न्हाई.”

मालकांनी मान खाली घातली. धाकट्यानं माझ्या पायाला हात लावला. माझ्या नावाचं एकही मेंढरू आता जगात नव्हतं, आणि अभिमानानं माझा ऊर असा भरून आला की मला आबांकडं बघता येईना. ते मात्र गाडीत चढून पुन्हा माझ्या शेजारच्या जागेवर बसले होते, आणि या वेळी त्यांनी बाक धरलं नव्हतं.